ओल्या केसांची वेणी

९ जानेवारी

आज सहा वाजता निघताना ह्यांनी बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मुंगीचं कपाळ मोठं झालंय का गं?"

मी म्हटलं, "वाढत्या वयात चेहरा बदलतो."

"कपाळ कुठे वाढतं तेराव्या वर्षी?" त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "माझ्यावर जाऊ नये म्हणजे मिळवली." हसले आणि हत्यारांची पिशवी उचलून गेले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरचे प्रश्न अर्ध्यावर सोडून जावं लागतं. कुणी ना कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतंच.

मुलीला मुंगी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. लहानपणी ती भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून. मी त्या नावाने तिला अजून हाक मारलेली नाही. तीही मला कशानेच हाक मारत नाही. वाक्यच असं फिरवते की गरज पडत नाही. "गॅस बंद करायचा राहिलाय." "दार लावून घेतलंय."

ते गेल्यावर नेहमीप्रमाणे ती स्टूल घेऊन स्वयंपाकघरात आली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि फणी खांद्यावरून मागे धरली. आज मी भांग पाडताना नीट पाहिलं. ह्यांचं खरं आहे. दोन्ही कानशिलांवर केस विरळ झालेत. कातडी दिसते.

१० जानेवारी

काल लिहायचं राहिलं. हा स्टुलाचा प्रकार लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सुरू झाला. तिने स्वतःहून फणी दिली याचंच मला इतकं वाटलं की पेड ओढायचा धीरच झाला नाही. घातलेली वेणी शाळेतून येईपर्यंत निम्मी सुटली होती. "सैल सुटते," एवढंच ती म्हणाली. आईच्या हातची आठवण झाली असणार. तिची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी ठरवलं, यापुढे वेणीला नाव ठेवायला जागा ठेवायची नाही.

वेताच्या खुर्च्या विणण्यात माझी वीस वर्षं गेली. वेत भिजवून विणायचा, म्हणजे हवा तसा ओढता येतो. वाळला की आणखी आवळतो आणि मग हलत नाही. तिचंही मी तसंच करते. आंघोळ झाली की केस ओले असतानाच घालते, मागे नीट ओढून. संध्याकाळपर्यंत एक केस इकडचा तिकडे होत नाही. शाळेतल्या बाईंनी एकदा तिला विचारलं होतं म्हणे, वेणी कोण घालतं म्हणून. तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

रोजची पंधरा मिनिटं. दिवसभरात तेवढीच ती माझ्या हाताला लागते.

१४ जानेवारी

तीन दिवस मोजले. फणीतले, उशीवरचे, न्हाणीच्या जाळीवरचे. बावन्न, सत्तेचाळीस, एकसष्ट. मोजताना स्वतःचीच लाज वाटली, पण आकडा असला की डॉक्टरांसमोर बरं पडतं.

२० जानेवारी

फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. गर्दी होती. त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच मान वाकडी करून पाहिलं, वेणी काही सोडायला लावली नाही. माझा कागद बघून म्हणाले, "दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच असतं. तुमचेही गळतात. तुम्ही मोजत नाही इतकंच."

मग बरंच विचारलं. गेल्या काही महिन्यांत मोठा ताप आला होता का? केस लगेच गळत नाहीत म्हणे; ताप, ऑपरेशन, एखादा धक्का यांचा हिशेब डोकं दोन-तीन महिन्यांनी चुकता करतं. जेवण नीट आहे का? पाळी सुरू झाली का, अंगावरून जास्त जातं का? घराण्यात कुणाचं टक्कल? इथे मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाबांचं. पण ते गोल आहे." डॉक्टर हसले. गोल चट्टे नाहीत, खवले नाहीत, म्हणजे बुरशी वगैरे काही नाही. रक्त तपासायला सांगितलं. लोह आणि थायरॉइड.

निघताना त्यांनी मला एकटीला थांबवलं. "घरात सगळं ठीक ना? मुलीचं मन रमतंय ना?"

मी हो म्हटलं. परतताना रस्ताभर तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला.

२४ जानेवारी

थायरॉइड उत्तम. लोह जरा कमी. रोज एक गोळी, जेवणानंतर, तीन महिने. मला इतकं हायसं वाटलं की दुपारी दुकानात मिस्त्रींनाही सांगून टाकलं. फर्निचर दुरुस्तीचं दुकान त्यांचं. सुतारकाम ते करतात, विणकाम मी.

"लोखंड कमी आहे होय," रंधा न थांबवता ते म्हणाले. "आमच्याकडे खिळे पडलेत बघा पिंपभर."

१५ फेब्रुवारी

मुलीची मावशी येऊन गेली. सख्खी, आईची धाकटी बहीण. आल्या आल्या तिने मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"अगं बाई, हे काय झालं? ताईचे केस कसे होते, एका मुठीत मावायचे नाहीत."

मी गोळ्यांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोळ्यांनी लोह भरेल. बाकीचं काय?" बाकीचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. कांद्याचा रस लावायचा सल्ला दिला. आणि म्हणाली, सुट्टीत माझ्याकडे पाठवा. नंतर जिना उतरताना ह्यांना, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "रमली तर पुढच्या शाळेचंही बघता येईल तिकडे."

मुलगी दारात उभी होती.

१९ फेब्रुवारी

कांद्याचा रस चार दिवस लावला. डोळे चुरचुरले, उशीला वास, वर्गात तिच्या शेजारची मुलगी बाक बदलून बसली. बंद केलं. केमिस्टने एक बाटली दाखवली, पंधरा दिवसांत फरक. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, पंधरा दिवसांत फक्त बाटली संपते.

३ मार्च

आज एक खुर्ची परत आली. मागच्याच वर्षी विणून दिलेली, माझ्या हातची. मधली जाळी नव्यासारखी, आणि कडेला, चौकटीच्या भोकांपाशी, एकेक पट्टी तुटलेली. सगळी कड फाटत आलेली.

मिस्त्रींनी बोट फिरवून पाहिलं. "ताई, एक बोलू? राग मानू नका. वर्षभरात तुमचा हात फार जड झालाय. इतकं आवळलं की मधे काही होत नाही, कड जाते."

"सैल विणलं की खड्डा पडतो," मी म्हटलं.

"पडू द्या की थोडा. माणूस बसायचंय त्याच्यावर."

मला राग आलाच. वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता वाचनालयाच्या चोवीस खुर्च्या घेतल्यात, त्या अशा विणीन की बघतच राहतील.

२६ मार्च

परीक्षा चालू आहे. तिने कानशिलावर बारीक पुरळ दाखवलं. उन्हाने आलं असेल. वेणीच्या पेडांना आज आणखी एक पीळ दिला, म्हणजे पेपर लिहिताना केस डोळ्यांवर यायला नकोत.

१९ एप्रिल

मावशी येऊन घेऊन गेली. पाच आठवडे. जाताना मुलीने फणी पिशवीत ठेवली, मग बाहेर काढली, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर नेहमीच्या जागी ठेवून दिली. "तिकडे असेल फणी," म्हणाली. विसरभोळी नाही तशी, पण घरची वस्तू कशाला न्यायची असं वाटलं असेल.

२० एप्रिल

सकाळी सातला भाजी चिरून झाली. इतक्या लवकर कधी होत नाही.

४ मे

मावशीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "गळणं थांबलं बघा. उशीवर चार-पाच केस, बस. कांदाच लागू पडला."

मी म्हटलं, "फार छान झालं." खरंच छान झालं. ह्यांना सांगितलं तर त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून मुलीची चेष्टा केली, "मुंगे, थोडा कांदा मलाही आण." तिकडून ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. हे म्हणाले, "विचारत होती, खुर्च्या किती झाल्या." माझ्या खुर्च्यांचं तिला काय? बोलायला विषय नसेल.

२६ मे

आली. कानशिलांवर लव उगवली आहे. बोट फिरवलं तर मखमलीसारखी लागते. पुरळही गेलं. पाच आठवड्यांत जे झालं ते माझ्याकडे तीन महिन्यांत झालं नाही. गोळ्या तर संपत आल्या होत्या, जेवण जवळपास तेच. फरक एकच होता, मी नव्हते.

डॉक्टरांनी जानेवारीत विचारलं होतं, मन रमतंय ना. मी हो म्हटलं होतं. तिला न विचारता.

२० जून

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. फणीत पुन्हा केस. काल चव्वेचाळीस, आज एकोणसाठ. लव कुठे गेली कळत नाही. मी वेणी आणखी हळुवार, आणखी नीट घालते. एकही केस मोकळा राहू देत नाही.

२४ जून

आज जेवणानंतर ह्यांना बोलले. तिला मावशीकडे राहू दे. तिकडे केस आले, इकडे जातात. माणूस तोंडाने बोलत नाही तेव्हा शरीर बोलतं.

बराच वेळ ते ताटावर बोट फिरवत बसले. "तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तिचं डोकंच सांगतंय."

"आणि तू?"

"माझं काय? मी आधीही एकटी होतेच की."

ते म्हणाले, एकदा कातडीच्या डॉक्टरांना दाखवू, मग ठरवू. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. दार लोटलेलं होतं, ऐकू गेलं नसावं.

२५ जून

सकाळी उठले तर ती माझ्याआधी उठून आंघोळ करून स्टुलावर बसलेली. हातात फणी. सव्वापाचच वाजले होते. शाळेत काही कार्यक्रम असेल.

२९ जून

कातडीच्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी फोनवर सांगितलं, मुलीचे जुने फोटो आणा, केसांची रेषा पूर्वी कुठे होती ते बघायला. ह्यांनी कपाटावरचा डबा काढून दिला. तो मी कधी उघडला नव्हता.

शाळेचे फोटो, सहलीचे. सात वर्षांची मुंगी फाटकात उभी, समोरचा दात पडलेला. एक वेणी कानाच्या वर, दुसरी खांद्यावर. भांग वाकडा. एका वेणीची रिबीन सुटून लोंबतेय. सगळ्या फोटोंत असंच.

"वेणी हा तिच्या आईचा प्रांतच नव्हता," हे म्हणाले. "दोघी हसत हसत घालायच्या. फाटकापर्यंत सुटायची."

मी फोटो पाकिटात घातले. दीड वर्ष मी त्या बाईची बरोबरी करायला जीव काढत होते. आणि तिची वेणी फाटकापर्यंत सुटायची.

१ जुलै

लिहायला बसले खरी, पण हात चालत नाही. तरी लिहायला हवं.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी वेणी सोडायला लावली. उजेडाचं भिंग डोक्यावर टेकवून इंच इंच पाहिलं. मागचं टाळू, मधला भांग, मग कानशिलं. फोटो पाहिले. मधे कुठेही विरळ नाही, म्हणाल्या, फक्त कडेला. आणि अगदी पुढे बारीक लवेची एक ओळ तेवढी शिल्लक. ती वेणीत येत नाही ना, म्हणून वाचली.

मग विचारलं, "वेणी कोण घालतं?"

"मीच," मुलगी म्हणाली.

"स्वतःची? इतकी सरळ?"

"हो. मीच घालते. मला घट्ट आवडते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. कान लाल झालेले. का खोटं बोलली? मी कोण हे परक्या माणसाला सांगावं लागू नये म्हणून असेल. मी म्हटलं, "डॉक्टर, मी घालते. रोज सकाळी. ओल्या केसांची."

त्यांनी मला रागावायला हवं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट खुर्ची जवळ ओढून शांतपणे समजावलं. हे केस आतून गळत नाहीयेत, ओढले जातायत. ओला केस नाजूक असतो, ताणतो, वाळताना आखडतो आणि दिवसभर मुळाला खेचत राहतो. पुरळ आलं, ते मूळ दुखावल्याचं लक्षण. लोह कमी होतं हेही खरं, गोळ्यांचा कोर्स संपला असेल तर पुन्हा तपासू. पण मुख्य कारण वेणी. "वेळेत आलात. अजून तीन-चार वर्षं अशीच गेली असती तर मुळं कायमची बुजली असती. मग औषधाचा उपयोग नसतो, दुसरीकडचे केस आणून लावावे लागतात, तेही धरतील याची खात्री नाही."

सहा महिने वेणी नाही. केस मोकळे, किंवा वाळल्यावर सैल बांधायचे. कानशिलांना लोशन, सकाळी सहा-सहा थेंब. तीन महिन्यांनी दाखवायचं.

म्हणजे मावशीकडे कांदा नव्हता लागू पडला. आणि इथे केस गेले ते माझ्यामुळे नाही, माझ्या हातांमुळे.

बसमध्ये मी विचारलं, "दुखायचं नाही?"

"शाळेत पोहोचेपर्यंत. मग नाही."

"बोलली का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. एवढं घाबरते मला? दीड वर्ष दुखणं सोसलं पण सांगितलं नाही. मग थोड्या वेळाने मी विचारलं, मावशीकडे कोण वेणी घालायचं? "कुणी नाही. रबर लावायचे मीच."

"मग बरं वाटत असेल."

"नाही," ती म्हणाली. दुखावलं गेलंय पोरीचं मन, आणखी काय म्हणणार.

२ जुलै

स्टूल टेबलाखाली सरकवून ठेवलं. फणी तिच्या खोलीत दिली. सात वाजता ती केस मोकळे सोडून गेली. मी दारात उभी होते. तिने एकदा मागे वळून पाहिलं, काही विसरली असेल.

५ जुलै

ह्यांच्याबरोबर जाऊन तिने केस खांद्यापर्यंत कापून घेतले. हे म्हणाले, "आता आम्ही दोघं हलक्या डोक्याचे." मीही हसले. तिला मोकळं वाटत असणार. माझ्या तावडीतून सुटली.

दुकानात वाचनालयाच्या झालेल्या अकरा खुर्च्यांपैकी चार उसवल्या आणि नवा वेत भिजत घातला. मिस्त्रींनी पाहिलं. रंध्याचा आवाज तेवढा थोडा वेळ थांबला.

८ जुलै

आज पावणेसातला स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी गॅसपाशी होते. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि खांद्यावरून मागे लोशनची बाटली धरली होती.

"मला दिसत नाही," म्हणाली.

कानशिलं. आरशात उभं राहिलं की सगळ्यात आधी दिसणारी जागा. तरी मी हात पुसून गेले. केस बाजूला केले, सहा थेंब डावीकडे, सहा उजवीकडे, बोटाच्या टोकाने पसरले. स्पिरिटसारखा उग्र वास येतो त्याला. जोर न देता बोट ठेवायचं म्हणजे किती अवघड असतं. अख्खं काम एका मिनिटाचं. पंधरा मिनिटं कशी लागली ते घड्याळ बघितल्यावर कळलं. ती म्हणाली, शाळेतल्या बाईंनी पूर्वी वेणीबद्दल विचारलं होतं तेव्हा तिने सांगितलं होतं, "आमच्या घरी खुर्च्या विणतात, म्हणून तशी येते." मग आम्ही दोघी हसलो.

२ ऑगस्ट

रोज चाललंय. मावशीचा फोन आला होता, शाळेचं विचारत होती. फोन मुंगीनेच घेतला. "इथे औषध चालू आहे ना, मावशी," म्हणाली. "मधेच सोडता येत नाही."

१८ सप्टेंबर

चोवीस खुर्च्या गेल्या. मिस्त्री एकेकीवर बसून उठले. "आता बसल्यासारखं वाटतं," म्हणाले.

४ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे. भिंगाखाली नवे केस मोजले, आधीच्या फोटोशी ताडून पाहिले. अर्धं बोट लांब, दाट. बाई खूश झाल्या. "लोशन बंद करा आता. बाटली संपली की नवीन आणू नका. केस सैल ठेवा, बाकी ते स्वतः येतील."

मी आभार मानले. घरी येऊन बघितलं, बाटलीत तळाशी दोन दिवसांचं औषध होतं.

७ ऑक्टोबर

हिशेबाने औषध काल संपलं. आज सकाळी मी मुद्दामच भाजी निवडत बसले. स्टूल सरकलं. ती पाठ करून बसली आणि खांद्यावरून बाटली मागे आली. गळ्यापर्यंत भरलेली.

झाकण उघडलं. वास नव्हता. बोटाला गार लागलं आणि लगेच कळलं, नळाचं पाणी.

मुंगीने मान ताठ धरली होती. श्वास रोखून.

"हलू नकोस, मुंगे," मी म्हटलं. हाक तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

मोजून सहा थेंब डावीकडे घातले, सहा उजवीकडे. घाई केली नाही.